सोवळ्यातला रिमोट

माणसाचं सगळं सुख त्याच्या उजव्या-डाव्या अंगठ्यात साठवलेलं असतं, असं मनापासून मानणारा या पृथ्वीवर एकच माणूस असावा आणि ते नेमके माझे थोरले साडू आहेत. पेशाने ते दातांचे डॉक्टर. ग्वाल्हेरला शिंदे की छावनीत खाली दवाखाना आणि वर घर. सगळा जन्म लोकांच्या तोंडात बघण्यात घालवलेल्या गृहस्थाने नवा माणूस भेटल्यावर त्याच्या तोंडाकडे न बघता आधी अंगठ्याकडे का बघावं, हे मला पहिल्या भेटीपासून पडलेलं कोडं आहे. मी मूळचा साताऱ्याचा. विम्याच्या नोकरीने ग्वाल्हेरला आलो आणि इथल्याच एका मराठी घराचा जावई झालो. आमचं लग्न ठरलं त्या दिवशी या साडूंनी माझा हात हातात घेतला, अंगठा उलटासुलटा करून पाहिला, टोकाशी जरा दाबला आणि माझ्या होणाऱ्या बायकोच्या बहिणीला, म्हणजे स्वतःच्या पत्नीला, सगळ्यांदेखत सांगितलं, "मुलगा चांगला आहे हो, पण अंगठा कच्चा आहे." मला वाटलं, इथल्या लोकांत पत्रिकेऐवजी अंगठा बघत असतील. मी घरी फोन करून आईला विचारलंसुद्धा, की आपल्या घराण्यात कुणाच्या अंगठ्यात काही दोष होता का. आई घाबरली. तिने दुसऱ्याच दिवशी ग्रामदैवताला नारळ फोडला. कशासाठी ते तिलाही कळलं नाही आणि मलाही.

खरी गोष्ट पुढे हळूहळू उलगडली, म्हणजे निदान उलगडली असं मी धरून चालतो. साडूंकडे एक जुना व्हिडीओ गेम आहे. कॉलेजात असताना त्यांनी तो घेतला होता आणि त्यांच्याबरोबरची मुलं पुढे मोबाइलवर आणि तिथून आणखी कुठे कुठे गेली तरी हे अजून तिथेच बसलेले आहेत. एक करड्या रंगाचा प्लास्टिकचा डबा, त्याच्या डोक्यावर खोचायची कॅसेट, आणि डब्याला लावायच्या दोन वायरींच्या टोकाला दोन रिमोट. आता याला कंट्रोलर म्हणतात हे मला माहीत आहे, पण त्या काळी साऱ्या ग्वाल्हेरात त्याला रिमोट म्हणत आणि साडूंच्या घरात अजूनही तेच म्हणतात. हा डबा चालतो तो फक्त त्यांच्या खोलीतल्या जुन्या, मागे भलंमोठं पोट सुटलेल्या टीव्हीवर. हॉलमध्ये भिंतीला लावलेला चपटा टीव्ही आहे, पण त्याच्यावर ते खेळत नाहीत. "त्याच्यावर माणूस उशिरा उडी मारतो," असं ते सांगतात. मी एकदा दोन्ही टीव्हींसमोर उभा राहून तो माणूस उड्या मारताना पाहिला. मला दोन्हीकडे तो सारखाच घाईत दिसला.

त्यांचा सिद्धान्त मी इतक्या वेळा ऐकला आहे की मला तो तोंडपाठ आहे. समजलेला मात्र नाही. "लोक म्हणतात हा गेम चांगला, तो गेम बेकार. अहो, गेम कधीच बेकार नसतो. रिमोट बेकार असतो. मतलब, तुम्ही दाबलं आणि तो उडाला, या दोघांच्या मध्ये कोणी तिसरा नको. तुम्ही दाबलं, रिमोटने थोडा विचार केला, मग तो उडाला, तर उडी मारणारे तुम्ही नाहीच ना! तो दुसराच कोणी आहे." हे बोलताना त्यांचा चेहरा असा काही होतो की वेदान्त चालला आहे की प्लास्टिकची खरेदी, ते ऐकणाऱ्याला कळत नाही. शिवाय हे बोलायला त्यांना हक्काचे श्रोते मिळतात, कारण दाताच्या डॉक्टरपुढे खुर्चीत पडलेल्या माणसाला तोंड उघडं ठेवून ऐकण्याखेरीज गत्यंतर नसतं. एकदा माझी दाढ दुखत होती म्हणून मी दवाखान्यात बसलो होतो. आत एका वयस्क गृहस्थांच्या तोंडात आरसा घालून साडू समजावून सांगत होते की दिशांचं ते अधिकाच्या आकाराचं बटण असतं ना, त्याच्या पोटात मधोमध एक बारीक खुंटी असते, ती झिजली की चारही बाजू डगमगतात आणि मग काही अर्थ राहत नाही. गृहस्थ उठले, चूळ भरली आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाब, तो क्या चारों निकालने पड़ेंगे?"

आता या दोन रिमोटांविषयी सांगितलं पाहिजे, कारण सगळं रामायण तिथेच आहे. साडूंचे पणजोबा दक्षिणेतून, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातून, शिंद्यांच्या दरबारच्या एका देवळात पूजेला म्हणून इकडे आले. पूजा गेली, दरबार गेला. घरात आता देवपूजा ताईच करते, ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची पत्नी. स्वतः साडू संध्या करत नाहीत, एकादशीला खिचडी कशाला म्हणून वाद घालतात आणि सोमवारी ऑम्लेट खातात. पण पिढ्यान्‌पिढ्यांचं ते सोवळं कुठेतरी जाऊन बसणारच होतं, ते जाऊन पहिल्या रिमोटवर बसलं. हा रिमोट डब्याबरोबर आलेला, अस्सल. तो आजोबांच्या पूजेला नेसायच्या जुन्या रेशमी मुकट्याच्या तुकड्यात गुंडाळून खुंटीला टांगलेला असतो. त्याला शिवायचं तर हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे, आणि आधी काही खाल्लेलं नसलं तर उत्तम. खेळून झालं की कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन एकेका बटणाची कड पुसायची आणि वायरीला पीळ न पडेल असं वेटोळं करून पुन्हा मुकट्यात. एकदा थंडीच्या दिवसांत ताईच्या माहेरचा एक भाचा तिळाची गजक खात खात खोलीत शिरला आणि गप्पांच्या भरात खुंटीवरचा रिमोट काढून त्याने दोन-चार बटणं दाबून पाहिली. साडू ओरडले नाहीत. ते नुसते उभे राहिले. मग त्यांनी खाली जाऊन दवाखान्याच्या दाराला कुलूप घातलं, वर येऊन रिमोटचे चार स्क्रू काढले आणि दात कोरायच्या बारीक आकड्याने त्याच्या फटीतला एकेक तीळ बाहेर काढला. त्या दिवशी आलेले पेशंट तोंड धरून तसेच परत गेले. भाच्याने चूक कबूल केली, पण चूक कोणती ते त्याला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.

मग दुसरा रिमोट. तो मूळचा केव्हाच बिघडला होता आणि त्याच्या जागी टोपी बाजारातून आणलेला एक स्वस्तातला जोडला होता. घरात त्याला पाहुण्यांचा रिमोट म्हणत. जो कोणी खेळायला बसेल त्याच्या हातात तो दिला जाई. यात साडूंच्या मनात काही काळंबेरं होतं असं मला कधीच वाटलं नाही. घरातलं पळी-पंचपात्र काही आल्यागेल्याच्या हातात देत नाहीत, इतकंच त्यांना वाटत असावं.

मी त्या रिमोटवर कितीतरी रविवार काढले आहेत. त्यांचा आवडता खेळ असा की पडद्यावर दोन बुटके, एक तांबडा आणि एक हिरवा. त्यांनी पळायचं, खड्डे ओलांडायचे, शिड्या चढायच्या, फळं गोळा करायची आणि विंचू दिसला की त्याच्याकडे तोंड करून दगड मारायचा. पहिल्या दिवशी अर्धा खेळ होईपर्यंत मी तांबड्याकडे बघत होतो आणि माझं मलाच कौतुक वाटत होतं. साडू म्हणाले, "अहो, तुम्ही हिरवे आहात. तुम्ही केव्हाचे मेले आहात." पुढच्या वेळी मी हिरव्यावर डोळे रोखून बसलो. तो उजवीकडे जाई, उडी मारी, शिडी चढे, पण डावीकडे काही केल्या वळेना. मागून विंचू येई, माझी पाठ त्याच्याकडे, आणि तो निवांतपणे येऊन डसे. "वळा ना! मागे वळा!" साडू ओरडत. "वळतोय हो, दाबून राहिलोय," मी म्हणे, कारण इतक्या वर्षांत माझी मराठीही इकडची होत चालली आहे. "मनापासून दाबा." मी मनापासून दाबत असे. जीव तोडून दाबत असे. रात्री जेवताना माझ्या अंगठ्याने घास धरवत नसे, आणि मला वाटे, साडूंनी लग्न ठरताना सांगितलं होतं तेच खरं, आपला अंगठाच कच्चा आहे.

हळूहळू लोक येईनासे झाले. शेजारचे वकील एकदा बसले आणि पुढे साडू गच्चीवर दिसले की कपडे वाळत घालायचं सोडून आत जाऊ लागले. माझी बायको सरळ सांगून मोकळी झाली, "जिजाजी, माझ्याकडून नाही होत." मीही कचेरीच्या कामांची नावं सांगू लागलो. साडूंना याचं फार वाईट वाटे. दोघांच्या खेळात एकटं बसलं की हिरवा बुटका सुरुवातीलाच एका जागी उभा राहून विंचवाची वाट बघतो आणि मरतो, ते त्यांना बघवत नसे. "इतकी छान चीज आहे," ते मला म्हणाले, "पण लोकांना मजा घेताच येत नाही. का येत नसेल हो?" मला खरोखरच माहीत नव्हतं.

शेवटपर्यंत टिकली ती एकटी निमू, त्यांची मुलगी. ती बोलायला लागली त्याच्या आसपास खेळायलाही लागली असावी. शाळेतून आली की दप्तर टाकून ती बाबांच्या शेजारी सतरंजीवर बसे आणि पाहुण्यांचा रिमोट उचले. तिची खेळण्याची तऱ्हाच निराळी होती. ती नुसती पुढे सुटायची. विंचू मागे लागायच्या आत तीन खड्डे पार. मागे फळ राहिलं तर राहिलं, बाबा मागे अडकले तर अडकले. शेवटी पुढे कोंडी झाली की मरायची, आणि हसून म्हणायची, "मी गेले, बाबा. तुम्ही खेळा." साडूंना याचा कोण अभिमान. सोयऱ्याधायऱ्यांत, लग्नाकार्यात, दात काढताना, ते सांगत, "आमची निमू मागे वळून बघत नाही. स्वभावच आहे तिचा." इंजिनीअरिंगला पुण्याला जायचं तिने ठरवलं तेव्हा ताई रडली, पण साडू म्हणाले, "मी सांगितलं होतं ना? ती मागे वळत नाही."

पुण्याला नोकरी लागल्यावर ती वर्षातून एकदा येई, मग तेही अडखळायला लागलं. आली तरी मैत्रिणी, खरेदी, आजीकडे चक्कर. टीव्हीच्या खोलीकडे फिरकायला तिला वेळ होत नसे. आणि एका रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला बसलेलो असताना तिचा फोन आला. तिची बदली परदेशात झाली होती, दोन-तीन वर्षांसाठी, पुढचं माहीत नाही. दिवाळीला येऊन जाईन म्हणाली. ताईने फोन ताटाशेजारी स्पीकरवर ठेवला होता. साडूंनी वरणाचा हात तसाच धरून मोठ्याने विचारलं, "मग आपण एकदा बसू ना, निमू? दोघं? सगळा गेम खतम करू." पलीकडून ती हसली आणि अगदी सहज म्हणाली, "अरे बाबा, सच बताऊँ? मला तो गेम कधी आवडलाच नाही." मग ती आईशी आंबेहळद कुठे मिळेल त्यावर बोलू लागली. साडूंनी भात मागितला, आणि वाढलेला भात न खाताच उठले.

त्यानंतर दिवाळीपर्यंत त्यांच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. निमू जायच्या आधी एकदा तरी आपल्या शेजारी बसली पाहिजे आणि तिला त्यात मजा आली पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं. मला ते रोज फोन करून विचारत. कॅसेट जुनी झाली म्हणून असेल का? टीव्ही लहान आहे म्हणून? सतरंजी टोचत असेल का? मी प्रत्येकाला असेल असेल म्हणत गेलो. शेवटी एका संध्याकाळी हे सगळं ऐकून कंटाळलेली माझी बायको म्हणाली, "जिजाजी, ती ज्याच्यावर खेळायची तो रिमोट तुम्ही एकदा हातात धरून बघा ना."

आणि तेव्हा आमच्या ध्यानात आलं की तो रिमोट घरात आल्यापासून साडूंनी कधी हातात धरलाच नव्हता. द्यायला म्हणून धरला होता, पण खेळायला नाही. सगळ्या जन्मात नाही. ते सतरंजीवर बसले. हिरवा बुटका निघाला, उजवीकडे गेला, खड्डा ओलांडला. मागून विंचू आला. साडूंचा अंगठा डावीकडे दाबला गेला, पुन्हा दाबला गेला, नख पांढरं पडलं. विंचू येऊन डसला. "अरे!" ते म्हणाले. "हा वळत नाही!"

"तो कधीच वळत नव्हता, जिजाजी," माझी बायको म्हणाली. "आम्ही सगळे सांगत तर होतो."

ते पुन्हा पुन्हा खेळले आणि पुन्हा पुन्हा त्याच विंचवाने मेले. मग उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. "मी सगळ्यांना सांगत होतो ती मागे वळत नाही म्हणून," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्या रिमोटचं ऑपरेशन झालं. बटणाखाली रबराची टोपी असते आणि तिच्या पोटात काळा ठिपका असतो, तो खाली टेकला की बुटक्याला निरोप पोचतो, हे मला त्या दिवशी कळलं. डावीकडच्या टोपीचा नुसता चुरा झालेला होता. साडूंनी दातांचं माप घ्यायच्या पेस्टची एक नवी टोपी बनवली. रिमोटला पुदिन्याचा वास येऊ लागला आणि हिरवा बुटका डावीकडे वळला, पण वळला तो वळलाच. भिंतीला नाक लावून तो पळतच राहिला आणि उजवीकडे यायचं नाव घेईना. मग ती टोपीही तुटली. तेव्हा साडूंनी नवा रिमोट शोधायचं ठरवलं आणि दवाखाना बंद ठेवून मला घेऊन टोपी बाजारात गेले.

त्या बोळात आम्ही किती दुकानं पालथी घातली ते सांगता येणार नाही. एकाने एसीचा रिमोट दाखवला. एकाने खेळण्यातल्या मोटारीचा. एक म्हणाला, "अंकल, वो ज़माना गया, मोबाइल में खेलो." एकाकडे खरोखरच हवे तसे दिसणारे रिमोट निघाले. साडूंनी डोळे मिटून एकेक हातात घेतला, अंगठा फिरवला आणि खाली ठेवला. "हा पोकळ आहे." "याचं बटण गेलं की परत येत नाही." "याच्या चारही दिशा एकदम दाबल्या जातात." दुकानदार आधी हसला, मग घाबरला, आणि शेवटी माझ्याकडे वळून हळूच विचारता झाला की साहेब आँखों से देख तो सकते हैं ना. मला ते सगळे रिमोट सारखेच वाटले. पण मी काही बोललो नाही, कारण साडूंचा चेहरा सोन्याच्या दुकानात लेकीच्या लग्नासाठी पाटल्या पाहणाऱ्या बापासारखा झाला होता.

बिर्ला नगरात एका जुन्या पेशंटकडे असाच डबा पडून आहे असं कळलं, तर आम्ही तिथेही गेलो. डबा नव्हता, रिमोट होता, आणि त्याच्या वायरीने खिडकीचा पडदा बांधलेला होता. साडूंनी परवानगी मागून पडदा सोडला आणि बटणं दाबून पाहिली. ती अगदी मऊ, सुरेख दबत होती. वायर मात्र कुणीतरी मधोमध कापून उरलेली दुसऱ्या पडद्याला वापरली होती. यजमानांनी आग्रह करून चहा पाजला. निघताना साडूंनी पडदा होता तसा पुन्हा बांधून दिला.

निमू आली. घर फराळाच्या वासाने आणि तिच्या बॅगांनी भरून गेलं. पाडवा झाला, भाऊबीज आली, आणि साडू खेळाचं नावही काढेनात. भाऊबीजेच्या दुपारी जेवणं होऊन सगळे सुस्तावले होते. निमू हातात चकली घेऊन सहज त्या खोलीत डोकावली. टीव्ही चालू होता. तांबडा आणि हिरवा शेजारी शेजारी उभे होते. साडू सतरंजीवर बसलेले, पाहुण्यांचा रिमोट त्यांच्या स्वतःच्या हातात, आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर उलगडलेला मुकटा.

"ये," ते म्हणाले. "आज तू तांबडी."

"बाबा, ते तुमचं आहे." ती दारातच उभी राहिली. "आणि माझे हात तेलकट आहेत."

"असू दे."

"धुऊन येते ना."

"नको. तू बस, फक्त बस," साडू म्हणाले. स्वयंपाकघरातून बाहेर आलेली ताई तशीच थबकली. तेलकट हातांनी त्या रिमोटला शिवणारं मूल जगातल्या कोणत्या घरात जन्माला येईल ते येवो, त्या घरात येणार नाही, अशी तिची खात्री होती. निमूने चकली दातात धरली आणि रिमोट उचलला.

खेळ सुरू झाला. सवयीने ती पुढे सुटली. तांबडा बुटका तिच्या अंगठ्याखाली असा पळाला की ती दचकली आणि पहिल्याच खड्ड्यात पडली. पुन्हा सुरुवात झाली. या वेळी ती हळू निघाली. मागून विंचू आला. तिचा अंगठा नुसता डावीकडे टेकला असेल, मी शेजारून पाहत होतो, आणि बुटका वळला. तिने दगड मारला. विंचू गेला. निमू थांबली. तिने बुटक्याला तसंच डावीकडे नेलं, मागे, आणखी मागे, सुरुवातीला जिथून निघाली होती तिथपर्यंत. वाटेत सोडून आलेली फळं एकेक करून गोळा केली. मग पुन्हा उजवीकडे आणलं, पुन्हा डावीकडे. आम्ही सगळे बघत होतो. चकली तिने केव्हाच सतरंजीवर ठेवली होती.

"बाबा," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "हा असा चालतो?"

साडूंनी मान डोलावली.

"मला वाटायचं मलाच येत नाही," ती म्हणाली. "मतलब, इतकी वर्षं मला वाटायचं मी ढ आहे म्हणून."

मी दारातून साडूंकडे पाहिलं. हिरवा बुटका विंचवाकडे पाठ करून उभा होता आणि साडूंना ते दिसत नव्हतं. "तू ढ नव्हतीस," एवढं ते कसंबसं म्हणाले. विंचू डसला, हिरवा मेला, आणि निमू खळखळून हसली. "बाबा, वळा ना! मागे वळा!" ती ओरडली. ती दुपार, ती संध्याकाळ आणि दुसरा आख्खा दिवस ते दोघे तिथून हलले नाहीत. साडू सारखे हरत होते. त्यांना हरताना मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि ते इतके वाईट खेळतात हे मला ठाऊक नव्हतं. ताई जेवण खोलीत आणून देत होती. एकदा मी निमूला लाडू खाऊन तसाच रिमोट धरताना पाहिलं आणि माझ्याच काळजात धस्स झालं.

ती गेली. विमानतळावरून परतल्यावर आठवडाभराने तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. तिच्या बॅगेत, स्वेटरांच्या घडीत, साडूंचा तो अस्सल रिमोट निघाला होता. "बाबा, पागल आहात का? इथे डबा नाही, टीव्ही नाही. मी ह्याचं काय करू?" साडू म्हणाले, "काही नको करू. राहू दे तुझ्याजवळ." मला वाटलं होतं, तिला गेम आवडावा एवढंच साडूंना हवं होतं. पण मग गेमशिवाय नुसता रिमोट कशाला? विचारावंसं वाटलं, पण ती दोघंही त्यावर अगदी शहाण्यासारखी बोलत होती, तेव्हा कदाचित मलाच कळत नसेल म्हणून गप्प राहिलो.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. ताईने बोटाने आत आहेत म्हणून खूण केली. साडू सतरंजीवर एकटेच बसले होते, पाहुण्यांच्या रिमोटवर हिरव्याला पळवत. तो खड्ड्याशी यायचा, मागून विंचू यायचा, हा वळायचा नाही. पुन्हा सुरुवात. मी बराच वेळ उभा राहून पाहिलं. त्यांच्या अंगठ्याला फोड आला होता आणि त्याच्यावर पट्टी होती.

"मजा येते का हो?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "बिलकुल नाही येत."

विंचू पुन्हा डसला. त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि पट्टीवरून दुसरा अंगठा फिरवला.

"तिलाही येत नसेल," ते म्हणाले. "रोज शाळेतून यायची, दप्तर टाकायची आणि इथे येऊन बसायची. मजा येत नव्हती, तरी बसायची."

मग मीही त्यांच्याशेजारी बसलो.